आबांना विचारलंस का?

"मावशी, आबा ७६ वर्षांचे. किडनी अधू, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) २.१, डायलिसिस नाही. आता हृदयाचे ठोके अनियमित निघालेत. हार्टचे डॉक्टर म्हणतात, रक्त पातळ करायची गोळी लगेच सुरू करा. किडनीचे डॉक्टर म्हणतात, रक्तस्राव होईल, जपून. दादा एकाचं धरून बसलाय, मी दुसऱ्याचं. आबा गप्प असतात. आत्या लकव्याने चार वर्षं पडून होती, तेव्हा आबाच तिला भरवायचे." – एक लेक, सांगली

लेकी,

पत्रात डॉक्टरांचं मत आहे, दादाचं आहे, तुझं आहे. आबांचं एक वाक्य नाही. मला काळजी वाटली ती तिथे.

दोन्ही डॉक्टर खरंच सांगताहेत. ठोके असे चुकले की हृदयाच्या वरच्या कप्प्यात रक्त साकळतं, गुठळी मेंदूत गेली की लकवा. आणि किडनी अधू असली की गुठळीही लवकर धरते, रक्तही लवकर वाहतं. जोखीम दोन्हीकडे आहे, आणि ती सोसायची आबांना.

आज चहा घेऊन त्यांच्याजवळ बस. "आबा, तुम्हाला जास्त भीती कशाची वाटते?" एवढंच विचार आणि थांब. आत्याला भरवलेला माणूस आहे, त्याच्याकडे उत्तर असेल. 'गोळी नको' म्हणाले तरी कारण विचार. पुष्कळदा ते खर्चाचं असतं, आणि तेही डॉक्टरांना सांगायचंच असतं.

मग तिघं मिळून जा. दोन्ही डॉक्टरांना एकमेकांशी फोनवर बोलायची विनंती करा, त्यात संकोच कसला? कोणती गोळी, किती डोस, नीट विचारा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांपैकी डॅबिगॅट्रान बहुतांश किडनीवाटेच बाहेर पडते, अपिक्साबान बरीच कमी. वय ८० किंवा जास्त, वजन ६० किलो किंवा कमी, क्रिएटिनिन १.५ किंवा जास्त, यांतल्या दोन गोष्टी जुळल्या की अपिक्साबानचा डोस निम्मा करतात. आबांचं वजन तू लिहिलंच नाहीस, आधी काट्यावर उभं कर. वॉरफरिन ही गोळी ठरली तर आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते, तपासत राहावं लागेल आणि मेथी-पालकाचं प्रमाण रोज सारखं ठेवावं लागेल.

आबा गुडघ्यासाठी दुकानातून वेदनाशामक आणून घेत असतील, तर ती पट्टी डॉक्टरांना दाखव. त्या गोळ्यांनी किडनीही बिघडते आणि पोटात रक्तही जातं. शौच काळी झाली किंवा डोक्यावर पडले, तर वाट न बघता दवाखाना गाठा.

मात्र फार दिवस लांबवू नका. आबा काय म्हणाले, ते मला कळव.

– मावशी