'शारदा'मधला भुजंगनाथ: विनोदी की खलनायक?

तुम्ही विचारलंय की 'संगीत शारदा' नाटकातला, कोवळ्या शारदेशी लग्न करायला निघालेला म्हातारा भुजंगनाथ विनोदी पात्र समजायचं की खलनायक, आणि त्याच्यावरच्या पदातल्या 'दंताजीचे ठाणे उठले' याचा अर्थ काय. मी सांगलीचा. गोविंद बल्लाळ देवलांचं हरिपूर इथून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे या नाटकावर जरा जास्तच जीव आहे.

अर्थ आधी सांगतो. ठाणं म्हणजे फौजेची चौकी. दातांनी चौकी हलवली, तोंडाचं बोळकं झालं. पुढे कान गेले, डोळे रुसले आणि 'नन्ना म्हणे मान', म्हणजे म्हातारपणानं मान सारखी नाही-नाही हलतेय. नवरदेवाचं वय 'अवघे पाऊणशे', 75!

या पदावर आपण हसतो, पण बघा, नवऱ्याची मानसुद्धा नाही म्हणतेय आणि जिला खरंच नाही म्हणायचंय त्या शारदेला कुणी विचारतच नाही.

आमच्या हौशी मंडळाच्या तालमीत भुजंगनाथ करणारा गडी आधी फार खोकायचा, कंबर धरून वाकायचा. हशा मिळायचा, पण पुढे शारदेच्या रडण्याला वजन येईना. मग त्यानं खोकणं सोडलं. लग्नाचं बोलताना नुसता खुशीत, ताठ बसायला लागला, आपलं काही चुकतंय हे गावीही नसल्यासारखा. तेव्हा अंगावर काटा आला. माझ्या मते देवलांचा भुजंगनाथ हाच. तो हास्यास्पद आहे हे सगळ्यांना दिसतं, पण पैसा त्याच्याकडे आहे म्हणून थांबवत कुणी नाही.

खलनायक म्हणायचाच तर मी कांचनभटाला म्हणेन. पोटच्या पोरीचे पैसे मोजून घेणारा बाप. दलाली करणारा भद्रेश्वर दीक्षित त्याच्या खालोखाल.

लग्न मोडतं तेही वय बघून नाही, वधूवर सगोत्र निघाले म्हणून. काहींना ही पळवाट वाटते, मला ती देवलांची अचूक नजर वाटते. नाटक 1899 सालचं. पोरीचं वय बघून लग्न थांबवेल असा कायदा तेव्हा आपल्याकडे नव्हता, भटजीला अडवायचं तर शास्त्रानंच अडवावं लागे. बालविवाह प्रतिबंधक कायदा आला 1929 साली. त्याला 'शारदा कायदा' म्हणतात ते या नाटकावरून, असं इकडे बरेचजण धरून चालतात, पण ते नाव हरबिलास सारडा यांच्यावरून पडलंय.