एली अजून जागाच आहे

(पुस्तकांबद्दलच्या तुमच्या प्रश्नांना लायब्ररीवाल्या काकूंची उत्तरं)

प्रश्न : काकू, नमस्कार. मी बुटीबोरीला एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. इंजिनिअरिंगला असताना मित्राच्या हार्डडिस्कवरून ‘स्टारगेट युनिव्हर्स’ ही अंतराळयानावरची इंग्रजी मालिका पाहिली. ४० भाग झाले आणि २०११ मध्ये बंद पडली, तेही गोष्ट अर्धवट सोडून. पुढच्या दीर्घिकेत पोहोचायला तीन वर्षं लागणार म्हणून यानातले सगळे गोठवणाऱ्या पेट्यांमध्ये झोपतात. एक पेटी बिघडलेली असते, म्हणून एली नावाचा पोट्टा एकटा जागा राहतो. दोन आठवड्यांत ती दुरुस्त झाली तर वाचला, नाही तर गेला. तो खिडकीतून बाहेर पाहून हसतो, अन् संपलं! तेव्हापासून मी पुढच्या कादंबरीची वाट पाहून राहिलो आहे. बायको म्हणते, ‘तुम्हाला दुसरी कामं नाहीत काय?’ कादंबरी येईल का? आणि आलीच तर तिच्यातलं खरं मानायचं का?
— एक वाचक, मनीषनगर

उत्तर : तुझं पत्र आल्यावर नातवाला बसवलं आणि हा शेवटचा भाग पाहिला. आधीचे ३९ न पाहता. कोण कोणाचा कोण, काही कळलं नाही. पण तो गुबगुबीत पोट्टा एकटा उरला तेव्हा माझा चहा हातातच थंड झाला. मेंटेनन्सवाल्या माणसाला बिघडलेल्या पेटीचा इतकी वर्षं घोर लागावा, यात बायकोने हसण्यासारखं काही नाही, असं तिला माझ्या नावाने सांग.

आता कादंबरीचं. तुझ्याच मालिकेची थोरली बहीण ‘स्टारगेट ॲटलांटिस’. पाच सीझन, बरोबर १०० भाग, आणि २००९ च्या सुरुवातीला बंद. पुढच्याच वर्षी, २०१० मध्ये, तिच्या ‘लेगसी’ नावाच्या कादंबऱ्या निघू लागल्या. रीतसर परवानगीने, मालिका जिथे थांबली तिथून पुढे. धाकटीच्या नशिबी मात्र अशी सलग कादंबरीमाला आली नाही. काही वर्षांनी थोडी कॉमिक्स आली, तेवढंच. एकाच घरातल्या दोन बहिणी, एकीचं लग्न धूमधडाक्यात आणि दुसरीचं राहूनच गेलं, तसं झालं.

असं का होतं, ते नीट समजून घे. कोण्या लेखकाच्या मनात आलं आणि त्याने लिहून टाकलं, असा हा मामला नाही. पात्रं मालिकेच्या मालकाची. प्रकाशक त्याच्याकडून परवाना घेतो, लेखक कथानकाचा आराखडा पाठवतो, मालकाकडची माणसं त्यावर लाल पेन फिरवतात. आणि मालकाचा हिशेब साधा असतो. उद्या कधी पडद्यावर पुन्हा काढायची वेळ आली तर आपले हात बांधलेले नकोत. म्हणून अशी बहुतेक पुस्तकं गोष्ट पुढे नेतच नाहीत. दोन भागांच्या मधल्या फटीत घडतात. मी त्यांना मधल्या सुट्टीतल्या गोष्टी म्हणते. डबा खा, खेळा, घंटा झाली की जागेवर. कोणी मरायचं नाही, कोणाचं लग्न व्हायचं नाही. ‘फायरफ्लाय’चं घे. २००२ सालची मालिका, १४ भाग तयार झाले, त्यातले ११ दाखवून वाहिनीने बंद केली. २००५ मध्ये सिनेमा आला. कादंबऱ्या यायला २०१८ उजाडलं, आणि इतकी वाट पाहून हातात पडलेल्या त्या पहिल्या कादंबऱ्या सिनेमाच्याही आधीच्या काळात घडतात!

गोष्ट खरोखर पुढे न्यायची मोकळीक केव्हा मिळते? पडद्यावरून आशा सुटते तेव्हा. इंग्लंडात बीबीसीने १९८९ मध्ये ‘डॉक्टर हू’ थांबवली. दोन वर्षांनी कादंबऱ्या सुरू झाल्या आणि १९९७ पर्यंत साठाच्या वर निघाल्या. लिहिणारे बरेचसे त्या मालिकेवर वाढलेले पोट्टेच होते. त्यातल्या रसेल डेव्हिस नावाच्या लेखकाने १९९६ मध्ये एक कादंबरी लिहिली, आणि २००५ मध्ये मालिका परत आणली ती त्यानेच. पॉल कॉर्नेलच्या १९९५ च्या कादंबरीवरून २००७ मध्ये मालिकेचे दोन भागही झाले. म्हणजे पुस्तकातून पडद्याकडे जाणारी पायवाट आहे, नाही असं नाही.

पण उलटंही होतं. ‘स्टार ट्रेक’च्या जुन्या मालिका संपल्यावर त्यांची पात्रं घेऊन २००१ पासून एकमेकींत गुंफलेल्या कादंबऱ्या निघत होत्या. जवळजवळ वीस वर्षं. त्यात माणसं मेली, नवी आली, हुद्दे बदलले. २०२० मध्ये पडद्यावर नवी मालिका आली आणि तिने त्याच पात्रांचं पुढचं आयुष्य वेगळंच दाखवलं. मग २०२१ मध्ये तीन पुस्तकं लिहून कादंबऱ्यांचं ते सगळं विश्वच संपवून टाकलं. त्या लेखकांचं मला कौतुक वाटतं. दुसऱ्याने फुंकर मारण्याआधी आपल्या हाताने दिवा शांत केला.

म्हणून म्हणते, तू एकाच वेळी दोन देवांना नवस बोलू नको. मालिका परत येवो आणि पुढची कादंबरीही येवो, या दोन इच्छा एकमेकींचे पाय ओढतात. स्टारगेट ज्या एमजीएम स्टुडिओची, तो २०२२ पासून ॲमेझॉनकडे आहे, म्हणजे तुझ्या एलीचा मालक मोठा आहे आणि त्याच्याकडे पडदाही स्वतःचाच आहे. असा माणूस शेवट सहसा पुस्तकवाल्याला देत नाही. माझं मत विचारशील तर कादंबरीची आशा कमी. तोवर ॲटलांटिसच्या ‘लेगसी’ वाच. आणि यापुढे असलं कोणतंही पुस्तक घेताना मलपृष्ठावर एवढंच शोध की गोष्ट मालिकेच्या आधीची, मधली की नंतरची. हे न बघता मी एकदा ऑनलाइन मागवलं आणि आलं काय, तर पहिल्याच भागाची पटकथा गद्यात उतरवलेली. साडेपाचशे रुपये पाण्यात.

आता ‘खरं मानायचं का’, हा तुझ्या पत्रातला खरा प्रश्न. ‘स्टार ट्रेक : एंटरप्राइझ’ २००५ मध्ये ९८ भागांनंतर बंद झाली. शेवटच्या भागात ट्रिप नावाचा सगळ्यांचा लाडका इंजिनिअर मारला, तोही घाईघाईत. २००७ मध्ये कादंबरी आली. ती म्हणते, तो मेलाच नव्हता, ते मरण म्हणजे बनाव होता! पडदा म्हणतो मेला, पुस्तक म्हणतं जिवंत. आता यातलं खरं कोणतं?

नागपुरात धरमपेठेतल्या माझ्या लायब्ररीतली गोष्ट सांगते. टिनाचं छप्पर, एक कूलर, मे महिन्यात वाळ्याच्या ताट्यांवर मीच पाणी मारायची. १९८६-८७ च्या सुमारास एका रहस्यकथेची शेवटची आठ पानं कोणीतरी फाडून नेली. नवी प्रत मिळेना, म्हणून तशीच फिरवत राहिले. महिनाभराने परत आली तर मागच्या पुठ्ठ्याच्या आत जांभळ्या पेन्सिलीने लिहिलेलं : ‘खून दिवाणजीने केला. पुरावा पान ६१.’ त्याखाली पुढच्याने निळ्या शाईत : ‘पान ६१ वर दिवाणजी वर्ध्याला होता. नीट वाचा. धाकट्या सुनेने केला.’ मग ही रांगच लागली. एका बाईंनी चक्क चिकटपट्टीने वहीचे दोन कागद जोडले आणि सुनेला निर्दोष सोडवलं. अक्षर मी ओळखलं होतं, नाव नाही सांगणार. लोक ते पुस्तक नंबर लावून न्यायला लागले, शेजारचीच धड पुस्तकं सोडून. पुढे सीताबर्डीवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात मला त्या रहस्यकथेची सबंध प्रत सापडली. तिथेच उभ्याने शेवट वाचला. खून कोणीच केला नव्हता, म्हातारा जिन्यावरून पडला होता. ती प्रत मी लायब्ररीत ठेवलीच नाही. फाटकी अजून माझ्याकडे आहे.

प्रश्न : ‘द एक्सपान्स’ मालिका संपली, पण पुस्तकं उरली आहेत असं ऐकलं. थेट सातव्यापासून सुरू केलं तर चालेल का?
— एक वाचक, काटोल रोड

उत्तर : वरच्या भावाने वाचावं आणि जळावं असा प्रश्न आहे हा! तुझं दैव चांगलं, कारण तुझ्या मालिकेची पुस्तकंच आधीची आहेत. कादंबऱ्या नऊ, मालिकेचे सीझन सहा. २०१८ मध्ये तिसऱ्या सीझननंतर वाहिनीने सोडली, तेव्हा चाहत्यांनी पैसे गोळा करून विमान भाड्याने घेतलं आणि ॲमेझॉनच्या मुख्यालयावरून फलक फिरवला. ॲमेझॉनने घेतली, २०२२ च्या जानेवारीत सहावा सीझन संपला. सातवं पुस्तक तिथून साधारण तीस वर्षांनी सुरू होतं. थेट घेतलंस तर कळेल, पण मालिकेत डोळ्यांदेखत गेलेला एक माणूस त्यात जिवंत भेटेल, दचकू नको. पुस्तकात तो मेलेलाच नाही. वेळ असेल तर पहिल्यापासून वाच. नवव्याचा शेवट शेवटासारखा आहे, एवढं सांगते.

प्रश्न : काकू, माझा मुलगा नववीत आहे. त्याच्या बाबांनी लहानपणीची म्हणून ‘कॅप्टन व्योम’ दाखवली, तेव्हापासून हा वहीत तिचे पुढचे भाग लिहून राहिला. दोन वह्या भरल्या. गणिताची पण एक त्यात गेली. अभ्यास बाजूला पडला. रागावू की काय करू? आणि असं लिहिलेलं छापता येतं का?
— एक आई, त्रिमूर्तीनगर

उत्तर : गणिताच्या वहीबद्दल जरूर रागवा. बाकी नको.

‘कॅप्टन व्योम’ १९९८ ची, केतन मेहतांची, मिलिंद सोमण व्योम झाला होता. दूरदर्शनवर लागली की माझ्या लायब्ररीत चिटपाखरू नसायचं. वहीत लिहायला कोणाची ना नाही, मित्रांना वाचायला द्यायलाही नाही. छापून विकायचं तर पात्रं मालकाची, परवानगी लागते. यावर जुना उपाय म्हणजे नावं बदलायची. गंमत अशी की नावं बदलताना गोष्टही आपोआप बदलायला लागते. व्योमचं यान काढून घेतलं की ह्याला स्वतःचं यान बांधावं लागेल. त्यासाठी एकदा रामन विज्ञान केंद्रात न्या, तारांगणाचा खेळ दाखवा, मग विचारा की तुझं यान कुठे निघालं आणि तिथे पोहोचायला किती वर्षं लागतात. गणित तिथेच करावं लागेल त्याला.

आणि मोठं होऊन छापायचं भय वाटलं तर त्याला हेही सांगा. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला ‘नारायण विनायक जगताप’ अशा नावाने एक गोष्ट आली. अक्षर बायकोचं, कारण लेखकाचं कोणी ओळखू नये. त्या गोष्टीला पहिलं बक्षीस मिळालं. लेखक होते जयंत विष्णू नारळीकर, नावाची आद्याक्षरं उलटी करून लिहिलेली. इतक्या मोठ्या खगोलशास्त्रज्ञालाही आपली गोष्ट नावाशिवाय कशी उतरते ते पाहायचं होतं.

पहिली वही मासिकाच्या पत्त्यावर माझ्या नावाने पाठवा. परत मिळेल. पण मागच्या पुठ्ठ्याच्या आत मी पेन्सिलीने माझा शेवट लिहून पाठवीन, हे त्याला आधीच सांगून ठेवा.