पडद्याच्या पेशी जपणारं प्रथिन खरं आहे, पण ते डब्यात येत नाही

ताई, तुमच्या 19 वर्षांच्या मुलाला आरपी, म्हणजे रेटिनायटिस पिगमेंटोसा, हा डोळ्याच्या आतल्या पडद्याचा (रेटिनाचा) आजार निघालाय. गावातला एक जण ‘डोळ्याच्या नसा वाचवणारं नैसर्गिक प्रोटीन’ म्हणून पावडरचा डबा विकतोय, तो घ्यावा का, आणि धाकट्या मुलीलाही हा आजार होईल का, असं तुम्ही विचारलंय. डबा घेऊ नका. असे डबे आमच्या घरात तीन वर्षं येत होते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मी जिंतूर तालुक्यातला. माझ्या थोरल्या भावाला, दादाला, हाच आजार आहे. आमच्याकडे शेतीची लाईट कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीच्या पाळीला दादा गव्हाला पाणी द्यायला गेला की हमखास पडायचा. हातात बॅटरी असायची, तरी पाय दंडातच जायचा. वडील म्हणायचे, पोरगं झोपेत चालतंय. आई शेवग्याचा पाला, पपई, कलेजी खाऊ घालायची, कारण रातांधळेपणा म्हटलं की अ जीवनसत्त्व, एवढंच आम्हाला ठाऊक. त्या कमतरतेनं येणारा रातांधळेपणा डोस दिला की जातो. दादाचा गेला नाही. पुढं संभाजीनगरला पडदा तपासला तेव्हा नाव कळलं.

तुम्ही ज्या प्रथिनाबद्दल ऐकलंय ते खोटं नाही. पडद्याच्या मागं गडद रंगाच्या पेशींचा एक थर असतो, जेमतेम एका पेशीच्या जाडीचा. प्रकाश टिपणाऱ्या पेशींचं पोषण, त्यांची रोजची साफसफाई, सगळं हा थर बघतो. 1980 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत जॉयस टॉम्ब्रान-टिंक आणि लिंकन जॉन्सन यांनी या थरातल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या. त्या ज्या द्रवात वाढल्या होत्या, तो द्रव त्यांनी डोळ्याच्या कर्करोगाच्या पेशींना दिला. तर एरवी नुसत्या वाढतच सुटणाऱ्या त्या पेशींना तंतू फुटले, त्या मज्जापेशींसारख्या दिसू लागल्या. द्रवात नेमकं काय आहे हे शोधता शोधता जे हाती लागलं, त्याला पीईडीएफ म्हणतात. 418 अमिनो आम्लांची ही माळ. पडद्याच्या आणि मेंदूच्या पेशी तणावात असताना ती त्यांना मरणापासून अडवते. शिवाय नको तिथं नव्या रक्तवाहिन्या फुटू देत नाही, हे 1999 मध्ये समोर आलं. हेच प्रथिन शरीरात तयार होत नसेल तर हाडं ठिसूळ होतात, हे मला फार नवलाचं वाटलं. डोळ्यात सापडलेली गोष्ट हाडातही राबते!

म्हणजे तुमच्या मुलाचा डोळा स्वतःच हे प्रथिन तयार करतो. ते पावडर खाऊन का मिळत नाही, हे गावातल्या कुणाही शुगरवाल्याला विचारा. इन्सुलिनही प्रथिनच आहे, म्हणून तर त्याला सुई टोचून घ्यावी लागते. पोटात गेलं की प्रथिनाचे तुकडे होतात, मग ते डाळीतलं असो की डब्यातलं. आणि रक्तातून पडद्यात काय जाऊ द्यायचं यावर शरीराचा स्वतःचा पहारा असतो. आम्ही महिन्याला अडीच हजार त्या डब्यावर घालत होतो, सोयाबीनचे पैसे आले की आधी डबा. विकणाऱ्याला पीईडीएफ हे नावसुद्धा माहीत नव्हतं.

दुसरं एक प्रथिन सांगतो, कारण त्यातून हा आजार नीट कळतो. पडद्यात दोन प्रकारच्या पेशी: अंधारात बघणाऱ्या दंडाकार, त्या कोट्यवधी, आणि उजेडात, रंग आणि बारीक अक्षर बघणाऱ्या शंकूच्या आकाराच्या, साधारण 60 लाख. आरपीत बहुतेक वेळा बिघाड दंडपेशींच्या जनुकात असतो. मग शंकूपेशी का मरतात? पॅरिसमध्ये जोसे-अलँ साहेल आणि थिएरी लेव्हेयार यांनी 2004 मध्ये दाखवलं की दंडपेशी एक प्रथिन सोडतात, आणि त्यावर शंकूपेशी तगतात. त्या प्रथिनामुळे त्यांना साखर नीट ओढून घेता येते, हे पुढं 2015 मध्ये कळलं. शेजार मेला की यांची उपासमार होते. म्हणून आधी रात्र जाते, मग कडेचं दिसणं, आणि वाचण्यापुरती मधली नजर सगळ्यात शेवटी.

औषध म्हणून काय चाललंय? पीईडीएफमधला 17 अमिनो आम्लांचा छोटा तुकडा थेंबांतून देण्याचं काम अमेरिकेच्या नॅशनल आय इन्स्टिट्यूटमध्ये पॅट्रिशिया बेसेरा यांच्या गटानं केलं, 2025 मध्ये ते प्रसिद्ध झालं. तुकडा लहान असल्यामुळे थेंब पडद्यापर्यंत पोचला आणि आरपी असलेल्या उंदरांच्या पेशी जास्त टिकल्या. पण ते उंदरांवरचं काम आहे. सीएनटीएफ नावाचं तिसरं एक प्रथिन तयार करणाऱ्या पेशींची कुपी डोळ्यात बसवतात. तिला अमेरिकेत मार्च 2025 मध्ये मान्यता मिळाली, पण मॅकटेल या वेगळ्या आजारासाठी. आरपीच्या चाचण्यांत तिनं नजर सुधारली नाही. आणि हे सगळं गेलेली पेशी परत आणण्यासाठी नाही, उरलेली जपण्यासाठी आहे.

माझं खरं दुःख वेगळंच आहे. एका डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितलं, ‘याला इलाज नाही, परत येऊ नका.’ आम्ही ते अक्षरशः मानलं. पुढची सहा वर्षं दादाला दिवसाही धूसर दिसू लागलं, उन्हात डोळे दिपायचे, आणि आम्ही समजलो, आजार वाढतोय. तो मोतीबिंदू होता! आरपीवाल्यांना कमी वयातच भिंगाच्या मागच्या बाजूला मोतीबिंदू येतो. ऑपरेशन झालं आणि 38 व्या वर्षी दादा पुन्हा पेपर वाचायला लागला. ती सहा वर्षं त्याला कोण परत देणार? म्हणून मुलाला वर्षातून एकदा पडद्याच्या डॉक्टरांना दाखवाच. पडद्याच्या मधोमध सूज आली असेल तर ओसीटी या पडद्याचे थर दाखवणाऱ्या तपासणीत दिसते आणि थेंबांनी, गोळ्यांनी पुष्कळदा उतरते. अ जीवनसत्त्वाच्या मोठ्या गोळ्या मनानं देऊ नका, यकृताला त्रास होतो आणि काही प्रकारांत डोळ्यालाही.

जनुक तपासणी जमेल तेव्हा करून घ्या. या आजाराला 80 हून अधिक जनुकं कारण ठरू शकतात आणि आरपीई65 या एका जनुकाच्या बिघाडावर 2017 पासून अमेरिकेत उपचार मंजूर आहे. आपलं जनुक कोणतं हे कळल्याशिवाय पुढचं काहीच ठरत नाही. अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठीही अर्ज करा. अक्षरं नीट वाचता येतात म्हणून कुणी परत पाठवलं तर दृष्टिक्षेत्राची तपासणी मागा, कडेची नजर किती उरली तेही मोजतात. अपंगत्व 40 टक्के किंवा त्याहून जास्त भरलं की शिक्षणात, नोकरीत राखीव जागेचा हक्क मिळतो. 19 व्या वर्षी त्याचा उपयोग आहे.

आता धाकटीचं. आपल्याकडे मामाची, आत्याची मुलगी करायची रीत. आमचे आई-वडीलही तसेच नात्यातले. एकच बिघडलेलं जनुक दोघांकडून आलं तर आजार होतो, आणि असं असेल तर प्रत्येक लेकराला चारात एक शक्यता. यात कुणाचा दोष नाही, घरात तुम्हाला कुणी बोलत असेल तर हे त्यांना वाचून दाखवा. दिवेलागणीच्या वेळी अंगणात ती चाचपडते का, उंबऱ्याला अडखळते का, ते बघा, आणि काही दिसो न दिसो, भावाच्या पुढच्या तारखेला तिलाही सोबत न्या.