पिनियनचेच दात का तुटतात?

प्रश्न : डिप्लोमाच्या प्रोजेक्टसाठी रोबोटचा हात केला आहे. लांबी 25 सेंमी, हाताचं वजन 200 ग्रॅम, टोकाला 400 ग्रॅम उचलायचे. सर्व्होवर (गिअर बसवलेल्या मोटरवर) 15 किलो-सेंमी लिहिलंय, आमचा हिशेब 10 येतो. तरी शेवटच्या जोडीतल्या 12 दाती पितळी पिनियनचे (छोट्या गिअरचे) दात दोनदा तुटले. मोटर शाबूत आहे. असं का? (विद्यार्थी, निपाणी)

उत्तर : आधी हिशेब दुरुस्त करा. हाताचं वजन मध्यावर, म्हणजे 12.5 सेंमीवर धरलं की आणखी 2.5 येतात, एकूण 12.5 किलो-सेंमी. पण खरी अडचण वेगळीच आहे. 15 हा आकडा मोटर किती जोर लावू शकते ते सांगतो. दात किती सोसेल ते नाही.

तुमचा शेवटचा गिअर 0.5 मोड्यूलचा (मोड्यूल म्हणजे दाताच्या आकाराचं माप), 36 दातांचा असेल तर त्याची पिच त्रिज्या, म्हणजे मध्यापासून दात भिडतात तिथपर्यंतचं अंतर, 9 मिमी (0.9 सेंमी). 12.5 ला 0.9 ने भागा : जवळपास 14 किलो, आणि तेही बहुतांशी एकाच दातावर. दाताची रुंदी 3 मिमी धरली तर पिनियनच्या दाताच्या बुडख्याशी प्रति चौरस मिमी सुमारे 38 किलो ताण येतो. साधं पितळ 35 ते 45 किलोला तुटतं, नायलॉन तर 6 ते 8 लाच. हात झटक्यात थांबला की हाच ताण सहज दुप्पट होतो. पिनियन आधी जातो, कारण 17 पेक्षा कमी दात असले की साध्या हॉबिंगमध्ये (फिरत्या कटरने दात कापताना) दाताचा बुडखा खालून कोरला जातो. शिवाय त्याचा प्रत्येक दात मोठ्या गिअरच्या दातापेक्षा तिप्पट वेळा भार घेतो.

तुटलेला दात भिंगाखाली धरा. जागा सगळीकडे सारखी खरखरीत असेल तर एकाच झटक्याचं काम. शिंपल्यावर असतात तशा वळणदार रेषा दिसल्या तर चीर हळूहळू वाढली आहे. फक्त टोकं उडाली असतील तर प्लास्टिकची बॉडी फाकून शाफ्ट दूर सरकले. 0.5 मोड्यूलमध्ये दात एकमेकांत जेमतेम 1 मिमी रुततात, 0.2 मिमी फाकलं की पाचवा हिस्सा गेला. दाताची एकच कड झिजली असेल तर शाफ्ट तिरका झालाय.

उपाय : हाताचा भार सर्व्होच्या शाफ्टवर लटकवू नका, पलीकडून बेअरिंगचा आधार द्या. हाताचं वजन स्प्रिंगने तोला. प्रोग्राममध्ये वेग टप्प्याटप्प्याने वाढवा आणि तसाच उतरवा. शक्य असेल तर शेवटची जोडी बाहेर, 0.8 मोड्यूल आणि 5 मिमी रुंदीची करा. तेवढेच दात ठेवूनही ताण 38 वरून 9 किलोवर येतो. यासारखा दुसरा उपाय नाही.

प्रश्न : बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यात स्टीलचे पिनियन करून केस हार्डनिंग (फक्त वरचा थर कडक) करून घेऊ का? (खानापूर)

उत्तर : जपून. 0.5 मोड्यूलचा दात मधोमध पाऊण मिमीच जाड असतो. नेहमीसारखी अर्धा मिमी केस (कडक थर) सांगितलीत तर दोन्ही बाजू आत भेटतात, दात आरपार कडक होतो आणि काचेसारखा फुटतो. केस 0.1 ते 0.15 मिमी असं ड्रॉइंगवर लिहूनच द्या. त्यापेक्षा आधीच हार्डन-टेंपर केलेला (भट्टीत कडक आणि चिवट केलेला) ईएन-24 या मिश्र स्टीलचा बार घेऊन त्यावर हॉबिंग करणं सोपं. नंतर भट्टी नाही, त्यामुळे वाकणंही नाही.