नवे मूत्राशय आणि रात्रीची लघवी

प्रश्न : कर्करोगामुळे माझ्या वडिलांचे (वय ६१) मूत्राशय पाच महिन्यांपूर्वी काढावे लागले आणि लहान आतड्याच्या तुकड्यापासून नवे मूत्राशय करून ते मूत्रमार्गाला जोडण्यात आले. दिवसा ते कोरडे राहतात; रात्री मात्र अंथरूण ओले होते आणि त्यामुळे ते फार खचले आहेत. शस्त्रक्रिया फसली का? पोटावर पिशवी लावणेच योग्य ठरले असते का?

उत्तर : शस्त्रक्रिया फसलेली नाही, हे वडिलांना आजच सांगा. पाचव्या महिन्यात दिवसा कोरडे राहता येणे हे चांगले लक्षण आहे. रात्रीचा ताबा नेहमीच उशिरा येतो. त्याला वर्षभर किंवा त्याहूनही अधिक काळ लागू शकतो आणि काहींना रात्रीची गळती थोडीफार कायम राहते.

मूळ मूत्राशय भरू लागले की झोपेतही मज्जारज्जूमार्फत संदेश जाऊन लघवी रोखणारा स्नायू आपोआप आवळला जातो. आतड्याच्या पिशवीला असा संदेश पाठवता येत नाही. शिवाय रात्रीची लघवी दाट असल्याने आतड्याची भिंत तिच्यात पाणी सोडते आणि पिशवी अधिकच लवकर भरते. म्हणून वडिलांनी दिवसा भरपूर पाणी प्यावे, संध्याकाळनंतर बेताने प्यावे आणि रात्री गजर लावून तीन-चार तासांनी उठावे. सुरुवातीला जेमतेम १५० मिलिलिटर लघवी मावणारी ही पिशवी काही महिन्यांत ४०० ते ५०० मिलिलिटरपर्यंत सैलावते आणि आतला दाब उतरतो.

मला मात्र गळतीपेक्षा दुसऱ्या गोष्टीची काळजी अधिक वाटते : पिशवी पूर्ण रिकामी होते का? ती स्वतःहून आकुंचन पावत नाही. त्यामुळे बसून, ओटीपोटाखालचे स्नायू सैल सोडून आणि पोटावर हाताने हलका दाब देऊन लघवी करावी लागते. लघवीनंतर किती उरते, हे सोनोग्राफीत पाहून घ्या. बरीच उरत असेल, तर मूत्रमार्गातून स्वतः कॅथेटर (बारीक नळी) घालून ती काढण्यास शिकावे लागते, अन्यथा संसर्ग, खडे आणि पुढे मूत्रपिंडांवर ताण असा त्रास होतो. लघवीत पांढरे तंतू दिसणे स्वाभाविक आहे, कारण आतडे आपला चिकट स्राव सोडतच राहते. मात्र त्याची गाठ अडकून पोट तटतटले आणि लघवी होईनाशी झाली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा. तपासणीत जंतू आढळले, पण ताप किंवा दुखणे काहीच नाही, अशा वेळी सहसा प्रतिजैविकांची गरज नसते.

आतड्याची भिंत लघवीतील काही घटक पुन्हा रक्तात शोषून घेते, त्यामुळे रक्तातील आम्लता वाढू शकते. अकारण थकवा, मळमळ किंवा अन्नावरची वासना उडणे दिसले, तर रक्तातील बायकार्बोनेट (आम्लता आटोक्यात ठेवणारा घटक) तपासावे. सोडियम बायकार्बोनेटच्या गोळ्यांनी हा त्रास बहुधा आटोक्यात येतो. काही वर्षांनी बी-१२ जीवनसत्त्वही कमी पडू शकते, म्हणून त्याची तपासणी दरवर्षी करावी.

पोटावरच्या पिशवीचा पर्याय निवडलेले असंख्य रुग्णही समाधानाने जगतात, आणि आयुष्याच्या दर्जाबाबत दोहोंपैकी एक पद्धत निर्विवाद सरस ठरलेली नाही. आयुर्मान तर कर्करोग मूत्राशयाच्या भिंतीत किती खोल गेला होता आणि लसिका ग्रंथींत पसरला होता का, यांवर अवलंबून असते. म्हणून ठरलेले सीटी स्कॅन चुकवू नका आणि लघवीत किंवा मूत्रमार्गातून रक्त दिसल्यास लगेच शल्यचिकित्सकांना दाखवा, कारण उरलेल्या मूत्रमार्गातही हा आजार पुन्हा उद्भवू शकतो.