विचार, आणि मग गप्प बस

प्रिय मैत्रिणीच्या लेकीला,
अनेक आशीर्वाद.

शनिवारच्या डावाबद्दल तू लिहिलेलं सगळं वाचलं. तू गोष्ट सांगायची, प्रत्येक मुलाने गोष्टीतलं एक पात्र व्हायचं आणि ते पात्र काय करतं हे सांगायचं, असा तो 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'सारखा खेळ. सोसायटीचा हॉल, सहा-सात वर्षांची पाच मुलं, रात्री जागून लिहिलेली गोष्ट, हाताने रंगवलेला नकाशा. आणि मुलांनी तुझ्या ड्रॅगनकडे ढुंकूनही न बघता वेशीवरच्या गाढवाला काय खायला घालायचं यातच अर्धा तास घालवला. शेवटी तू आवाज चढवून त्यांना गुहेत नेलंस आणि दोघं रडायला लागली. आता विचारतेस, 'मावशी, मुलांना गोष्टीवर परत कसं आणायचं?'

आणायचं नाही. गाढव हीच त्यांची गोष्ट होती. 'तुम्ही काय करता?' असं तूच विचारलंस, त्यांनी मनापासून सांगितलं, आणि तुला ते उत्तर नको होतं. मुलांना हे लगेच कळतं. उत्तर आधीच ठरलेले प्रश्न मोठी माणसं त्यांना दिवसभर विचारत असतात. त्यांना वाटलं, हाही त्यातलाच.

माझं सांगणं एकच आहे. विचार, आणि मग गप्प बस.

गप्प बसणं किती अवघड असतं हे तुला पुढच्या डावात कळेल. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७०च्या दशकात वर्गातले संवाद टेप करून तपासले. प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबत आणि मग स्वतःच बोलू लागत. तेच शिक्षक तीन सेकंद थांबायला शिकले, तर मुलांची उत्तरं लांबली आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलू लागली. तीन सेकंद! आपल्या डावात तर मी त्याहून कितीतरी जास्त थांबते.

एक मुलगी आठवते. पुलावर राक्षस उभा आहे, एवढं मी सांगितलं आणि तिला विचारलं, 'तू काय करतेस?' ती सतरंजीची दशी बोटाला गुंडाळत बसली. गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. शेजारचा मुलगा 'मार त्याला, मार!' म्हणून उड्या मारत होता. त्याला मी हातानेच थांबवलं. मागून तिच्या बाबांनी 'अगं, तलवार काढ ना!' म्हणून सुचवलं. मी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते पुन्हा बोलले नाहीत. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, 'मी त्याला विचारते, तुझा पाय का दुखतोय?' राक्षसाचा पाय दुखतोय हे मला कुठे माहीत होतं? पण तिने म्हटलं, म्हणजे दुखत होता. मी राक्षसाला लंगडायला लावलं, त्याच्या पायात काटा निघाला आणि पुढचा सगळा डाव त्या काट्यावर झाला. खजिना राहिला. राहू दे.

मूल अडलं की आपण मदत म्हणून विचारतो, 'लढशील की पळशील?' हे नको. दोन पर्याय दिलेस की तिसरा मेला, आणि पायात काटा असणं हा तिसराच होता. फार वेळ झाला तर समोर काय दिसतंय, कसला आवाज येतोय, वास कसला, तेवढं पुन्हा सांग. विचार, आणि पुन्हा गप्प बस.

फाशांचंही तसंच. तो वीस बाजूंचा फासा तुला प्रिय आहे, मलाही आहे. पण इतक्या लहानांसाठी तो नको. कुठल्याही कामाला पंधरा किंवा जास्त पडायला हवेत असं धरलंस, तर शंभरात तीसच वेळा जमणार. सहा वर्षांचं मूल त्यातून 'मला येत नाही' एवढंच शिकतं. शिवाय फाशावरच्या चौदात पात्राच्या कौशल्याचे तीन मिळवताना गोष्ट थांबते ती वेगळीच. साधा लुडोचा फासा घे: तीन किंवा जास्त पडले की जमलं, आणि ज्यात त्याचं पात्र पटाईत आहे त्यात दोनलाही जमलं. नाही पडले तरी 'काहीच झालं नाही' असं कधी म्हणू नकोस. दार उघडतं, पण करकरतं आणि आत कुणीतरी जागं होतं. काय करायचं हे मूल सांगतं, जमलं का हे फासा सांगतो, आणि तुझ्याकडे फक्त 'मग काय झालं' एवढंच उरतं. तेवढंच पुष्कळ आहे. (फासे स्टीलच्या ताटात रुमाल घालून टाकायला लाव, नाहीतर निम्मा वेळ सोफ्याखाली जातो.)

हा खेळ जन्मला तोच असा. १९७४ साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' छापून विक्रीला आला, त्याआधी त्याच्या कर्त्यांपैकी एक, गॅरी गायगॅक्स, याने तो आपल्या घरात, एर्नी आणि एलिस या स्वतःच्या मुलांना घेऊन खेळून पाहिला होता. त्याआधीचे खेळ लघुसैनिकांच्या लढायांचे. अख्खी फौज हलवायची. नवीन काय, तर एका माणसाकडे एकच पात्र आणि त्याने वाटेल ते करून बघायचं. आपल्या मुलांना हे शिकवावंही लागत नाही. दिवाळीच्या किल्ल्यावर मावळे मांडताना कुठला मावळा झोपलाय आणि कुठला चोरवाटेने पाणी आणायला गेलाय, हे ती आपसांत ठरवतच असतात. ते मावळे माळ्यावरून काढ आणि प्रत्येकाला एक दे. विकतच्या महागड्या मूर्तींवर पैसे घालवू नकोस.

मी हट्टी आहे असं तुझी आई म्हणते. एका छंदवर्गात मी हे डाव घ्यायचे, तेव्हा प्रत्येक डावाच्या शेवटी तात्पर्य सांगा, असा आग्रह झाला. राक्षसाशी बोलणाऱ्या मुलीला 'शाबास, शांततेने प्रश्न सुटतात' असं सांगायचं! मग पुढच्या वेळी ती काटा शोधत नाही, माझ्या तोंडाकडे बघते. मी नाही म्हटलं आणि तिथून बाहेर पडले. तिथल्या चार मुलांचा किल्ल्यावरचा डाव अर्धा राहिला, याची हळहळ अजून जात नाही. पण आज विचारलं तरी नाहीच म्हणेन.

तर पुढच्या डावाला सोळा पानं लिहू नकोस. एक जागा, एक अडचण आणि काहीतरी हवं असलेलं एक कुणीतरी, बस्स. गडावरचं टाकं रातोरात आटलंय, आणि बुरुजावरची म्हातारी कुणाला खाली जाऊ देत नाही. का जाऊ देत नाही हे तूही ठरवू नकोस. चारच मुलं घे. पाचव्याला वाईट वाटेल, म्हणून त्याच्यासाठी रविवारी दुसरा डाव लाव. मावळे मरत नाहीत, फार तर बेशुद्ध पडतात. पाऊण तासात थांब, मुलं 'अजून' म्हणत असली तरी.

आणि आईबाबांना हॉलबाहेर चहाला बसव. 'मुलं यातून काय शिकली?' असं त्यांनी विचारलंच, तर घरी जाऊन मुलांनाच विचारा म्हणावं, आणि ती सांगत असताना मध्ये बोलू नका.

तुझी,
मावशी