आयटीआय आहेत, मग अडतं कुठे?

प्रश्न : जर्मनीच्या औद्योगिक ताकदीचं श्रेय तिथल्या शिक्षणपद्धतीला देतात. आपल्याकडेही आयटीआय आहेत. मग फरक कुठे पडतो?
– एक वाचक, पलूस (जि. सांगली)

उत्तर : फरक रचनेत आहे. तिथे मुलगा आधी कंपनीशी करार करतो. आठवड्यात ३-४ दिवस कारखाना, १-२ दिवस व्यवसायशाळा, असं २ ते ३॥ वर्षं चालतं. विद्यावेतन कंपनी देते, अंतिम परीक्षा उद्योग-व्यापार मंडळ घेतं. त्यामुळे शिकवणं यंत्रांच्या फार मागे राहत नाही. आपल्याकडे बहुधा आधी आयटीआय, मग शिकाऊ उमेदवारी. मधल्या काळात पुष्कळ मुलं जुन्या लेथवरच (धातू कातायच्या यंत्रावरच) अडकतात.

शिकाऊ उमेदवारीचा कायदा आपल्याकडे १९६१ पासून आहे. ३० किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेला २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात, ४ ते २९ असतील तर ऐच्छिक. आपल्या भागातले छोटे वर्कशॉप या ऐच्छिक गटात येतात, आणि खरी गळती तिथेच आहे. पाच-सहा वर्कशॉपनी मिळून एक प्रशिक्षक नेमावा, असं आम्हाला कळकळीनं वाटतं.

एक गोष्ट मात्र जर्मनीकडून घेऊ नये : तिथल्या बहुतेक राज्यांत चौथीनंतरच मुलांच्या वाटा वेगळ्या होतात. दहाव्या वर्षी कुणाचीच कुवत ठरवू नये.

प्रवेशाआधी आयटीआयमध्ये विचारा : सीएनसीवर (संगणकानं चालणाऱ्या यंत्रावर) प्रत्यक्ष किती तास मिळतात, आणि कोणत्या कारखान्याशी करार आहे?